रक्त-लघवीतल्या सूक्ष्म धातूंची मोजणी: सुईपासून रिपोर्टपर्यंत, नव्यांसाठी

रक्तातली साखर डेसिलिटरला १०० मिलीग्रॅम म्हणजे लिटरला १ ग्रॅम. त्याच रक्तात शिसे लिटरला २० मायक्रोग्रॅम असेल, तर ते साखरेच्या ५०,००० पटींनी कमी झाले. विडी-तंबाखूपासून लांब असलेल्या माणसाच्या रक्तातले कॅडमियम लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे साखरेच्या २० लाख पटींनी कमी. नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबच्या सवयी इथे पुरत नाहीत, त्या या फरकामुळे. सोलापुरातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त काढणारे, डीएमएलटी किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी करून या कामाकडे वळणारे आणि पहिल्यांदाच आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रापुढे बसणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे.

यंत्राची ओळख थोडक्यात. पातळ केलेल्या नमुन्याचे नेब्युलायझर धुके करतो. स्प्रे चेंबर त्यातले मोठे थेंब गाळून टाकतो आणि उरलेले बारीक धुके आर्गॉनच्या प्लाझ्मात (अतितप्त, विद्युतभारित वायूत; रक्तातला प्लाझ्मा वेगळा) जाते. प्लाझ्माचे तापमान साधारण ६,००० ते १०,००० केल्विन. तिथे रेणू फुटतात आणि बहुतेक धातूंच्या अणूंतून एक इलेक्ट्रॉन निघून त्यांचे आयन होतात. हे आयन दोन कोनच्या (धातूच्या शंकूंच्या) बारीक भोकांतून निर्वातात ओढले जातात. पुढचा क्वाड्रुपोल एका वेळी एकाच वस्तुमानाला वाट देतो आणि डिटेक्टर एकेक आयन मोजतो. यंत्र भरवशाचे आहे. आकडे चुकतात ते बहुतेक वेळा नमुना यंत्रापर्यंत पोचायच्या आधी, म्हणून या लेखाचा मोठा भाग यंत्राच्या अलीकडच्या कामावर आहे.

कोणता धातू कशात मोजायचा

शिसे संपूर्ण रक्तातच मोजायचे. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते, सीरममध्ये एक टक्काही नसते. त्यामुळे सीरममधले शिसे मागणारी चिठ्ठी आली तर डॉक्टरांना फोन करून दुरुस्त करून घ्या. जस्त, तांबे आणि सेलेनियम सीरममध्ये. आर्सेनिक लघवीत. कॅडमियमसाठी दोन्ही चालतात, पण अर्थ वेगळा निघतो: रक्तातला आकडा अलीकडच्या महिन्यांचा संपर्क दाखवतो, लघवीतला आकडा मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठलेल्या कॅडमियमचा अंदाज देतो.

नव्या माणसाने रक्तातले शिसे-कॅडमियम आणि सीरममधले जस्त-तांबे-सेलेनियम यांवर हात बसवावा. पारा नंतर घ्यावा. तो नळ्यांना आणि स्प्रे चेंबरला चिकटून बसतो आणि एका रुग्णाचा पारा पुढच्या तिघांच्या आकड्यांत डोकावतो. हा मागे उरलेला पारा ओळखायला आधी साध्या धातूंचे ब्लँक (रुग्णाचा नमुना न घातलेल्या कोऱ्या व्हायल) स्वच्छ यायला हवेत.

सुई टोचण्याआधी विचारायचे

फॉर्मवर चार ओळी जास्तीच्या छापून घ्या आणि त्या भरल्याशिवाय रक्त काढू नका.

गेल्या चार दिवसांत एमआरआय किंवा सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध दिले का? एमआरआयच्या औषधात गॅडोलिनियम असते. त्याचे काही अणू प्लाझ्मात दोन इलेक्ट्रॉन गमावतात. यंत्र वस्तुमान भागिले विद्युतभार मोजते, त्यामुळे गॅडोलिनियम १५६ त्याला ७८ दिसतो आणि ७८ वर आपण सेलेनियम मोजत असतो. अशा रुग्णाचे सेलेनियम उगाच वाढलेले येते. निदान ९६ तास थांबा.

मासे-कोळंबी कधी खाल्ली? समुद्री माशांतले आर्सेनिक मुख्यतः आर्सेनोबीटेनच्या रूपात असते. ते फारसे घातक नाही, पण एकूण आर्सेनिकचा आकडा भरमसाट वाढवते. लघवीतले आर्सेनिक मोजायचे तर तीन-चार दिवस समुद्री मासे बंद.

भस्मे, रसौषधी, सुरमा, दातांना मशेरी? नागभस्म शिशाचे, वंगभस्म कथिलाचे, यशदभस्म जस्ताचे. विचारताना आवाजात दोषारोप नको, नाहीतर माणूस सांगत नाही आणि माहिती आपल्यालाच हवी असते. पोटाच्या अल्सरसाठी बिस्मथची गोळी चालू असेल तर तीही लिहा. तिचा संबंध पुढे येईल.

व्यवसाय काय? सोलापुरात हा प्रश्न वगळता येत नाही. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत साठवते. घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवर, पदरावर, सुपात तंबाखूची भुकटी असते. ती विडी ओढत नसली तरी तिच्या हातांनी उघडलेल्या लघवीच्या डबीत ती भुकटी पडू शकते. सूतरंगाईच्या कामातही तसेच: काही रंगांच्या रेणूतच क्रोमियम, कोबाल्ट किंवा तांबे बांधलेले असते. बॅटरीच्या कामातल्या माणसाच्या अंगावर शिशाची धूळ असते. अशा सगळ्यांचे नमुने कामाच्या जागी घेऊ नका. कपडे बदलून, कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन, दुसऱ्या स्वच्छ खोलीत घ्या. नाहीतर अंगावरची धूळ शरीरातली म्हणून मोजली जाईल आणि माणसाला नसलेला आजार चिकटेल.

रक्त काढणे

नेहमीच्या जांभळ्या आणि लाल झाकणाच्या ट्यूब इथे बाजूला ठेवायच्या. सूक्ष्म धातूंसाठी गडद निळ्या, म्हणजे रॉयल ब्लू झाकणाच्या ट्यूब मिळतात. रक्तासाठी त्यातली के-टू ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली, सीरमसाठी ईडीटीए नसलेली. लेबल नीट वाचा, कारण झाकणाचा रंग दोन्हींचा एकच असतो. साध्या रबरी बुचातून जस्त झिरपते, हे या वेगळ्या ट्यूबमागचे मोठे कारण. निळ्या ट्यूबवरही डोळे झाकून विसंबू नका. नवा लॉट आला की पाच ट्यूब घ्या, प्रत्येकीत २ मिलिलिटर शुद्ध पाणी घालून चार तास आडव्या ठेवा आणि तेच पाणी यंत्रावर मोजा.

हातमोजे नायट्राइलचे, बिनपावडरचे. पावडरमध्ये आणि काही रबरी मोज्यांत जस्त असते. जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. पोव्हिडोन आयोडीन टाळा. निळी ट्यूब भरायच्या आधी थोडे रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये काढून टाकून द्या, म्हणजे सुईतून आणि त्वचेवरून आलेले पहिले थेंब नमुन्यात येत नाहीत. इतर तपासण्यांच्याही ट्यूब भरायच्या असतील तर निळी आधी. क्रोमियम, निकेल, कोबाल्ट किंवा मँगनीज मोजायचे असेल तर स्टीलची सुईच गोंधळ घालते. प्लास्टिकचा कॅन्युला घाला आणि पहिले ५ मिलिलिटर फेका.

ईडीटीए ट्यूब भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करा. हे राहिले तर बारीक गुठळ्या होतात. तांबड्या पेशी गुठळीत अडकतात आणि त्यांच्याबरोबर शिसेही. वरून उचललेल्या ५० मायक्रोलिटरमध्ये मग कमी आकडा येतो आणि तो कमी का आला हे पुढे कोणालाच कळत नाही.

लहान मुलांचे बोट टोचून शिसे मोजायची पद्धत फक्त चाळणी म्हणून ठीक. बोटावरची धूळ त्या थेंबात मिसळते. जास्त आकडा आला तर शिरेतले रक्त घेऊन पक्का केल्याशिवाय आईबापांना काही सांगू नका.

सीरमसाठी सकाळी, उपाशीपोटी. जस्त जेवणानंतर आणि दिवस चढेल तसे खाली जाते, त्यामुळे दुपारी चारला घेतलेल्या रक्तात निरोगी माणसालाही जस्ताची कमतरता निघेल. रक्त अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा आणि दोन तासांच्या आत सीरम वेगळे करा. वेगळे करताना ड्रॉपर किंवा लाकडी काडी घालायची नाही, सीरम सरळ धुतलेल्या प्लास्टिकच्या व्हायलमध्ये ओतायचे. तळाशी थोडे राहिले तर राहू द्या, पेशी आत येण्यापेक्षा ते बरे. तांबड्या पेशींत जस्त सीरमच्या दहापटीहून जास्त असते, म्हणून गुलाबी दिसणारे, हीमोलिसिस झालेले सीरम जस्तासाठी नाकारा.

लघवी

रुंद तोंडाची, रंग नसलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, आम्लाने धुतलेली बाटली. रंगीत झाकणांच्या रंगद्रव्यात कॅडमियम, क्रोमियम असू शकते. स्टीलचे भांडे मध्ये येऊ देऊ नका. २४ तासांची लघवी गोळा करणे रुग्णाला जड जाते आणि हमखास एखादी वेळ हुकते. सकाळची एकवेळची लघवी आणि तिच्यातले क्रिॲटिनिन मोजून धातू प्रति ग्रॅम क्रिॲटिनिन सांगणे जास्त व्यवहार्य. क्रिॲटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर नमुना पुन्हा मागवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात उन्हात राबणाऱ्या माणसाची लघवी घट्ट येते, त्यामुळे वरची मर्यादा एप्रिल-मेमध्ये वारंवार ओलांडली जाईल.

लघवी फ्रीजमध्ये ठेवली की तळाशी फॉस्फेट-युरेटचा गाळ बसतो आणि त्यात धातूही जातात. मोजण्याआधी खोलीच्या तापमानाला आणून, जोरात हलवून, गाळ विरघळल्यावरच घ्या. वरची नितळ लघवी उचलणे ही नव्यांची ठरलेली चूक.

नमुने पुण्याला पाठवायचे असतील तर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या डब्यात, जेल पॅकसह. रक्त ४ अंशाला ठेवा. ट्यूबवर बर्फ थेट टेकू देऊ नका आणि डब्यात ट्यूब उभ्या राहतील अशी सोय करा. झाकणाशी रक्ताचा जितका कमी संबंध येईल तितके चांगले.

खोली, पाणी, आर्गॉन, वीज

धुळीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. रक्तात शिसे लिटरला २० मायक्रोग्रॅम असेल तर तुम्ही उचललेल्या ५० मायक्रोलिटरमध्ये ते १ नॅनोग्रॅम भरते. आता समजा, धुळीत किलोमागे १०० मिलीग्रॅम शिसे आहे. तिचा ०.२ मिलिमीटर व्यासाचा एक कण सुमारे १० मायक्रोग्रॅमचा, आणि त्यातले शिसे १ नॅनोग्रॅम. म्हणजे तो एक कण विरघळला तर आकडा दुप्पट. तोच कण रक्ताच्या ३ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये पडला असता तर वाढ दोन टक्क्यांचीही नसती. यावरून लक्षात येईल की सर्वांत जपायची जागा पातळ करण्याचे टेबल. खिडक्या सील करा, पंखा लावू नका, एसीची फिल्टर दर आठवड्याला धुवा, चपला बाहेर, फरशी ओल्या पोच्याने पुसा, झाडू नको. गाळलेल्या हवेचा लॅमिनार फ्लो असेल तर उत्तम. नसेल तर आडव्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीतही बराच फरक पडतो. फक्त तिच्या आत लोखंडी स्क्रू आणि पितळी बिजागऱ्या नकोत.

पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचे हवे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, मधल्या काळात टाकीत बोअरचे जड पाणी मिसळते. हे पाणी थेट शुद्धीकरण यंत्राला दिले तर आरओचा पडदा क्षारांनी लवकर बंद पडतो. आधी सॉफ्टनर, मग आरओ, मग अंतिम शुद्धीकरण. शुद्ध पाणी साठवू नका, लागेल तसे काढा आणि पहिले अर्धा-एक लिटर सोडून द्या. यंत्राचे कोन आणि इतर भाग थंड ठेवणाऱ्या चिलरमध्ये नळाचे पाणी कधीच नको, क्षार बसून प्रवाह अडतो आणि ऐन रनमध्ये प्लाझ्मा विझतो.

आर्गॉन मिनिटाला १५ ते १८ लिटर लागतो. ७ घनमीटरचा सिलिंडर १८ लिटरच्या दराने साडेसहा तासांपेक्षा कमी पुरतो. ४० रुग्ण, स्टँडर्ड (माहीत मात्रेची द्रावणे), क्यूसी (गुणवत्ता तपासायचे नमुने) आणि ब्लँक धरून ६० व्हायल, प्रत्येकीला चार मिनिटे म्हणजे चार तास. त्यात वॉर्म-अप आणि कोन स्थिर होण्याचा तास मिळवा. एक सिलिंडर जेमतेम पुरतो, म्हणून दोन सिलिंडर मॅनिफोल्डवर जोडलेले असल्याशिवाय रन लावू नका. शुद्धता ९९.९९९ टक्के. द्रव आर्गॉनचा ड्यूअर (उष्णतारोधक टाकी) घेतला तर १८० लिटर द्रवापासून १३० तासांच्या आसपास काम होते, पण ड्यूअर उभा असतानाही आर्गॉन उडत राहतो. मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला ड्यूअर म्हणजे पैसा हवेत सोडणे. सावलीत, हवेशीर जागेत ठेवा. बंद खोलीत नको. आर्गॉन हवेपेक्षा जड, वास नसलेला, आणि प्राणवायूची जागा घेतो.

खोली २० ते २४ अंशांत, तासाला दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. वीज गेली तर यूपीएसने निदान अर्धा तास यंत्र आणि चिलर दोन्ही चालवावे, तेवढ्यात नळ्या धुऊन प्लाझ्मा रीतसर बंद करता येतो. टर्बो पंप बंद पडून निर्वात गेला तर पुन्हा स्थिर व्हायला काही तास जातात. सांजवेळी वीज गेली तर खरे आकडे दुसऱ्या दिवशी सकाळीच.

भांडी आणि डायल्युएंट

काच नको. काचेतून बोरॉन, ॲल्युमिनियम, शिसे सुटते. पॉलिप्रॉपिलीन, एलडीपीई किंवा पीएफए. ९०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिलिटर संहत नायट्रिक आम्ल, ओतायचे नेहमी आम्ल पाण्यात. या आंघोळीत ट्यूब आणि बाटल्या रात्रभर, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळून पेटीत उलट्या वाळवा. कागदी टॉवेलने पुसू नका. पिपेटच्या टिप पारदर्शक घ्या, पिवळ्या नकोत; आणि वापरण्याआधी प्रत्येक टिपने एकदा आम्ल उचलून टाकून द्या.

रक्तासाठी आम्लाचे डायल्युएंट (पातळ करायचे द्रावण) वापरू नये. आम्लात प्रथिने फाटतात, दूध नासावे तशी, आणि नेब्युलायझर बंद पडतो. अल्कधर्मी द्रावण करा. १ लिटरसाठी: साधारण ५०० मिलिलिटर शुद्ध पाणी; त्यात १० मिलिलिटर अतिशुद्ध अमोनिया द्रावण; मग ०.५ ग्रॅम ईडीटीए (हा क्रम पाळा, ईडीटीएचे आम्लरूप अमोनियाआधी विरघळत नाही), २० मिलिलिटर १-ब्युटॅनॉल, ट्रायटन एक्स-१०० च्या १० टक्के द्रावणाचे ५ मिलिलिटर, अंतर्गत स्टँडर्ड, आणि पाण्याने १ लिटर. ईडीटीए धातूंना अल्कधर्मी द्रावणात खाली बसू देत नाही. ट्रायटन पेशी फोडतो आणि नळ्या धुतलेल्या ठेवतो. ब्युटॅनॉलचे काम वेगळे आहे: प्लाझ्मात कार्बन असला की आर्सेनिक आणि सेलेनियमचे आयन जास्त बनतात. रक्तात कार्बन असतो, साध्या पाण्याच्या स्टँडर्डमध्ये नसतो. सगळ्यांना सारखा भरपूर कार्बन दिला की हा फरक मिटतो.

अंतर्गत स्टँडर्ड म्हणजे शरीरात नसलेला धातू, प्रत्येक व्हायलमध्ये सारखा. ऱ्होडियम १०३, टेल्युरियम १२५ आणि इरिडियम १९३, प्रत्येकी लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे १ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या मिश्रणाचे १० मिलिलिटर त्या १ लिटरमध्ये. कॅडमियमला ऱ्होडियम, आर्सेनिक-सेलेनियमला टेल्युरियम, शिशाला इरिडियम. शिशासाठी अनेक जण बिस्मथ वापरतात. अल्सरच्या गोळ्यांतला बिस्मथ रक्तात असला तर अंतर्गत स्टँडर्ड वाढलेला दिसतो आणि सॉफ्टवेअर शिसे खाली ओढते. फॉर्मवरच्या त्या प्रश्नाचे कारण हे.

लघवीला मात्र आम्ल चालते: १ भाग लघवी, ९ भाग २ टक्के नायट्रिक आम्ल, त्यातही तेच अंतर्गत स्टँडर्ड. पारा घ्यायला लागाल तेव्हा या आम्लात लिटरला २०० मायक्रोग्रॅम सोने घाला, म्हणजे पारा नळ्यांना चिकटत नाही.

स्टँडर्ड आणि पातळ करणे

१,००० मिलीग्रॅम प्रति लिटरच्या शिशाच्या स्टॉकचे १ मिलिलिटर २ टक्के नायट्रिक आम्लाने १०० पर्यंत: झाले १० मिलीग्रॅम प्रति लिटर. त्यातले ०.१, ०.५, १, २ आणि ५ मिलिलिटर वेगवेगळ्या १०० मिलिलिटरच्या प्लास्टिक फ्लास्कमध्ये: १०, ५०, १००, २०० आणि ५०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. कॅडमियमसाठी आधी १ मिलीग्रॅम प्रति लिटरचे मधले द्रावण करून त्याचे ०.०५, ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिलिलिटर त्याच फ्लास्कमध्ये घाला: ०.५, १, २, ५ आणि १०.

आता हे गणित सोपे ठेवणारी युक्ती. रुग्णाच्या व्हायलमध्ये ५० मायक्रोलिटर रक्त, ५० मायक्रोलिटर पाणी, २,४०० मायक्रोलिटर डायल्युएंट. स्टँडर्डच्या व्हायलमध्ये कमी शिसे असलेले मूळ रक्त ५० मायक्रोलिटर, स्टँडर्ड ५० मायक्रोलिटर, डायल्युएंट २,४००. शून्याच्या व्हायलमध्ये मूळ रक्त आणि पाणी, आणि तिचा सिग्नल सगळ्या स्टँडर्डमधून वजा. दोन्हीकडे ५० पटच पातळ होते, त्यामुळे स्टँडर्डच्या वक्रावर (मात्रा आणि सिग्नलच्या आलेखावर) वाचलेला आकडा थेट रुग्णाच्या रक्तातला. पन्नासने गुणायचे नाही. ज्याने सवयीने गुणले, त्याचा रिपोर्ट पन्नासपट चुकला. रिएजंट ब्लँकमध्ये १०० मायक्रोलिटर पाणी आणि डायल्युएंट तेच २,४००. रुग्णांच्या सिग्नलमधून हा ब्लँक वजा होतो.

फ्रीजमधून काढलेले रक्त अर्धा तास रोलर मिक्सरवर फिरवा. थंड द्रव पिपेटमधल्या हवेला आकसवतो आणि माप चुकते. रक्त चिकट असते, म्हणून उलटे पिपेटिंग करा: बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून उचला, पहिल्या टप्प्यापर्यंत सोडा, उरलेले फेका. टिपच्या बाहेरचे रक्त काढताना टोकाला बोळा लागू देऊ नका. हाताची सवय पारखायची तर तेच रक्त दहा व्हायलमध्ये घाला. शिशाचे दहा आकडे पाच टक्क्यांच्या आत एकमेकांशी जुळेपर्यंत रुग्णाच्या नमुन्याला हात नको.

यंत्र पेटवणे आणि तपासणे

प्लाझ्मा पेटवून अर्धा तास थांबा. लिथियम, इट्रियम, सेरियम, थॅलियम प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या ट्यूनिंग द्रावणावर संवेदना पाहा. सेरियम ऑक्साइडचे सेरियमशी प्रमाण दोन टक्क्यांच्या आत, दोन विद्युतभाराचे तीनच्या आत. मग रिपोर्टला न लागणारे पातळ केलेले रक्त अर्धा तास सोडत राहा. नव्या धुतलेल्या कोनवर पहिल्या काही नमुन्यांत सिग्नल घसरतोच. ती घसरण रुग्णांच्या नमुन्यांत होऊ द्यायची नाही.

ऑक्साइडचा आकडा कशाला जपायचा, याचे उदाहरण लघवीतले कॅडमियम. मॉलिब्डेनम ९५ आणि ऑक्सिजन १६ मिळून १११ होतात, आणि कॅडमियम आपण १११ वर मोजतो. मॉलिब्डेनम डाळी-कडधान्यांतून भरपूर येते. लघवीत ते लिटरला ५० मायक्रोग्रॅम असेल आणि त्याचे १ टक्का ऑक्साइड झाले, तर कॅडमियममध्ये सुमारे ०.६ मायक्रोग्रॅमची खोटी भर पडते. खरे कॅडमियम ०.३ असेल तर रिपोर्टवर ०.९. उपाय दोन: ऑक्साइड खाली आणणे आणि कोलिजन सेलमध्ये (क्वाड्रुपोलच्या आधीच्या कप्प्यात) हेलियम, मिनिटाला ४ ते ५ मिलिलिटर. जोडआयन आकाराने मोठे, हेलियमवर जास्त वेळा आदळतात, वेग गमावतात आणि मागे राहतात. ११४ वर जाऊन सुटका होत नाही, कारण तिथे मॉलिब्डेनम ९८ चे ऑक्साइड आहे आणि कथिलही. वंगभस्म घेणारा रुग्ण आठवा.

आर्सेनिक ७५ वर आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ ची जोडी बसते. लघवीत मीठ भरपूर, म्हणून आर्सेनिक हेलियममध्येच. सेलेनियम ८० वर आर्गॉनची स्वतःचीच जोडी, म्हणून ७८, तेही हेलियममध्ये. शिशाला हेलियम लागत नाही, पण २०६, २०७ आणि २०८ या तिन्हींची बेरीज घ्यावी लागते. शिसे कोणत्या खनिजातून आले त्यावर त्यांचे आपसातले प्रमाण बदलते. एकट्या २०८ वर भरवसा ठेवला तर स्टँडर्डचे शिसे आणि रुग्णाचे शिसे वेगळ्या खाणीचे असल्याची शिक्षा आकड्याला होते.

रन आणि त्यात बिघडणाऱ्या गोष्टी

दहा ब्लँक मोजा, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट म्हणजे ओळखमर्यादा. ती रोज लिहा. मग स्टँडर्ड, मग दोन पातळ्यांचे क्यूसी, मग दहा-दहा रुग्णांमागे एक क्यूसी आणि एक ब्लँक, शेवटी पुन्हा क्यूसी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची प्रमाणित द्रव्ये मिळतात: ९५५ मालिकेत रक्त, २६६८ ही गोठवलेली मानवी लघवी. महाग आहेत, म्हणून रोजच्या वापराला दुसरे क्यूसी घेऊन महिन्यातून एकदा यांच्याशी पडताळा करा. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाचा) आयएसओ १५१८९:२०२२ दाखला पुढे घ्यायचा असेल, तर या नोंदी पहिल्या दिवसापासून हव्यात.

वक्राचा आर-वर्ग (बिंदू रेषेवर किती नीट बसतात त्याचे माप) ०.९९९ आला म्हणून हायसे वाटून घेऊ नका. वरचा ५०० चा बिंदू सगळी रेषा ओढून नेतो आणि खालचा १० चा बिंदू १४ वाचला तरी आर-वर्ग सुंदर राहतो. मुलांचे आकडे सगळे खालच्या बिंदूंपाशीच असतात. प्रत्येक स्टँडर्ड वक्रावरून परत वाचा, सर्वांत खालचा २० टक्क्यांच्या आत यायलाच हवा.

अंतर्गत स्टँडर्ड बोलका असतो. रनभर हळूहळू ७० टक्क्यांकडे उतरत असेल तर कोनवर क्षार बसताहेत. एकाच व्हायलमध्ये एकदम पडला तर गुठळी किंवा डायल्युएंट कमी पडले. एका रुग्णात एकच अंतर्गत स्टँडर्ड वाढला आणि बाकीचे जागेवर असतील, तर तो धातू त्या रुग्णाच्या शरीरातच आहे का हे पाहा. एकाच व्हायलच्या तीन वाचनांतला फरक पाच टक्क्यांवर गेला आणि सिग्नल लाटेसारखा हलत असेल तर नमुना ओढणाऱ्या पंपाची नळी चपटी झाली. रोज वापर असेल तर ती आठवड्याला बदला. ड्रेनची नळी तुंबली तर स्प्रे चेंबर भरतो आणि प्लाझ्मा विझतो. सुरू करताना ड्रेनमध्ये बुडबुडे हलताना दिसले पाहिजेत.

रक्ताच्या रननंतर नळ्या आम्लाने धुवायची घाई नको. आत राहिलेले प्रथिन तिथेच फाटते. आधी पाच मिनिटे अल्कधर्मी डायल्युएंट, मग पाणी, मग आम्ल. उरलेले रक्त हायपोक्लोराइटने निर्जंतुक करायचे असते, पण पातळ केलेल्या व्हायलमध्ये अमोनिया आहे आणि लघवीच्या व्हायलमध्ये आम्ल. पहिल्यात हायपोक्लोराइट ओतले तर क्लोरामाइन, दुसऱ्यात क्लोरीन वायू. या दोन्हींचे कॅन वेगळे, लेबल मोठे, आणि त्यांत हायपोक्लोराइट नाही.

आकडा बाहेर जाताना

शिशाचे एकक दोनदा वाचा. यंत्रावर मायक्रोग्रॅम प्रति लिटर, डॉक्टरांच्या सवयीत मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, दोन्हींत दहापटीचा फरक. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये मुलांसाठी संदर्भमूल्य ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर केले, म्हणजे लिटरला ३५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ आणि त्यावर असेल तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवायचे. ३५ चा आकडा चुकून डेसिलिटरच्या रकान्यात पडला तर घरात हाहाकार होतो. उलट झाले तर शिसे पोटात जाणारे मूल तसेच राहते.

वाढलेला आकडा आधी त्याच ट्यूबमधून नव्याने पातळ करून मोजा. जुळला तर वाढ ट्यूबमधून किंवा रक्तातूनच आलेली. मग दुसऱ्या लॉटच्या निळ्या ट्यूबमध्ये नवे रक्त मागवा. तेही जुळले की रिपोर्टवर नमुन्याचा प्रकार, ट्यूब, रक्त घेतल्याची वेळ, ओळखमर्यादा आणि फॉर्मवरची औषधे यांसह आकडा द्या. संदर्भमूल्याच्या तीनपटीपेक्षा जास्त असेल तर कागद पोचण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा आणि फोनची वेळ वहीत लिहा. उरलेले रक्त ४ अंशाला निदान एक महिना ठेवा, कारण पुन्हा मोजायची मागणी बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यात येते.